कारखान्यातील रसायनाच्या धोक्यांचे वर्गीकरण : कोकणातल्या लहान युनिटसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

लोटे-परशुराम, महाड, रोहा, पाताळगंगा किंवा तारापूर यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान युनिटच्या स्टोअरमध्ये बहुतेक ड्रमांवर लेबल असते आणि फाइलमध्ये एमएसडीएस, म्हणजे पुरवठादाराचे सुरक्षा पत्रकही असते. पण ‘हे रसायन याच वर्गात का टाकले?’ असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी ‘पुरवठादाराच्या कागदावर तसे होते’ एवढेच उत्तर मिळते. माझ्या मते हे उत्तर पुरेसे नाही. पुरवठादाराचे पत्रक त्याच्या मालाचे असते. तुमच्याकडे तो माल विरळ केला जातो, दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये (विद्रावकात) मिसळला जातो, वापरून झाल्यावर पुन्हा गाळून घेतला जातो, आणि जून ते सप्टेंबर दमट हवेत पडून राहतो. म्हणून वर्गीकरण आपल्या हातातल्या मालाचे, उपलब्ध पुराव्यावरून आणि प्रत्येक धोका स्वतंत्रपणे तपासून करायचे असते, आणि त्यामागचे कारण लिहून ठेवायचे असते. हा लेख युनिटमधल्या केमिस्टसाठी, सेफ्टी ऑफिसरसाठी आणि जिथे ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे असतात त्या युनिटच्या मालकासाठी आहे.

वर्गीकरणाची जी पद्धत आज जगभर मानली जाते तिला जीएचएस (ग्लोबली हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे जगभर एकसारखी पद्धत) म्हणतात. १९९२ च्या रिओ परिषदेत तिची गरज मान्य झाली, २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. तिच्यात धोक्यांचे तीन गट आहेत : आग, स्फोट, गंज यांसारखे भौतिक धोके, आरोग्याचे धोके आणि पर्यावरणाचे धोके. प्रत्येक गटात अनेक वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गात श्रेणी असतात. श्रेणीचा आकडा जितका लहान तितका धोका मोठा, हे आधीच ध्यानात ठेवावे, कारण नवी माणसे इथे हमखास उलटे समजतात.

सुरुवातीला आणखी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. वर्गीकरणात रसायनाचा अंगभूत धोका पाहायचा असतो, आपल्याकडे अपघात होण्याची शक्यता नव्हे. विळी फडताळात ठेवली तरी तिची धार जात नाही. ‘आमच्याकडे सगळे बंद पाइपातून जाते’ किंवा ‘आम्ही फक्त दोनच ड्रम ठेवतो’ ही कारणे जोखीम ठरवताना उपयोगाची आहेत. वर्गीकरणाच्या तक्त्यात त्यांना जागा नाही.

पहिला टप्पा : नेमके काय आहे ते ठरवणे

व्यापारी नावावरून वर्गीकरण करता येत नाही. कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर वापरला जाणारा ओळख क्रमांक), शुद्धता, उरलेल्या टक्क्यांत काय आहे, स्थिरता राखण्यासाठी काही घातले आहे का, आणि माल द्रव, भुकटी, दाणे की वायू या रूपात आहे, या सर्व गोष्टी आधी लिहाव्यात. रूप महत्त्वाचे आहे, कारण तोच पदार्थ बारीक भुकटीच्या रूपात पेट घेतो किंवा श्वासातून आत जातो आणि दाण्यांच्या रूपात तसे करत नाही.

तीव्रतेने काय फरक पडतो ते ॲसिटिक ॲसिडवरून समजेल. युरोपच्या अधिकृत यादीनुसार ९० टक्के किंवा त्याहून तीव्र ॲसिटिक ॲसिड त्वचा जाळणाऱ्या पदार्थांच्या सर्वांत कडक उपश्रेणीत, म्हणजे १ए मध्ये येते. २५ ते ९० टक्क्यांदरम्यान ते १बी मध्ये जाते. १० ते २५ टक्क्यांदरम्यान ते केवळ त्वचेची आणि डोळ्यांची आग करणारे म्हणून श्रेणी २ मध्ये राहते. त्यामुळे ग्लेशियल ॲसिडच्या कार्ब्यावरचे लेबल २० टक्के द्रावणाच्या टाकीला चिकटवणे जसे चूक, तसेच त्याच्या उलट करणेही चूक आहे, आणि दुसरी चूक कितीतरी महागात पडते.

दुसरा टप्पा : माहिती गोळा करणे आणि पारखणे

सुरक्षा पत्रकाचे सोळा विभाग असतात. लोक विभाग २ उघडतात, कारण तिथे तयार वर्गीकरण असते. मी उलटे सांगेन : आधी विभाग ३ मधली घटना, विभाग ९ मधले भौतिक गुणधर्म, विभाग १० मधली अभिक्रियाशीलता, आणि विभाग ११ व १२ मधले विषारीपणाचे आकडे वाचावेत, त्यावरून स्वतः निष्कर्ष काढावा आणि मगच विभाग २ शी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर उत्तम. न जुळल्यास पुरवठादाराला लेखी विचारावे. युरोपियन केमिकल्स एजन्सीचा माहितीसाठा आणि पबकेम हा रसायनांचा माहितीसाठा हे दोन्ही विनामूल्य पाहता येतात. पण तिथेही कंपन्यांनी स्वतः कळवलेले वर्गीकरण आणि अधिकृतपणे ठरवलेले वर्गीकरण यांत फरक असतो, आणि एखाद्या नोंदीच्या बाजूने जास्त कंपन्या आहेत म्हणून ती बरोबर ठरत नाही.

आकडे पारखताना काही खोड्या ठाऊक असाव्यात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाचे बाष्प ठिणगीने पेटू शकते ते सर्वांत कमी तापमान, बंद कपाच्या पद्धतीने मोजलेला हवा. उघड्या कपाचा आकडा सहसा जास्त येतो आणि द्रव आहे त्याहून सौम्य श्रेणीत जाऊन बसतो. श्वासावाटे होणाऱ्या विषबाधेचा एलसी५० (प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ते हवेतले किंवा पाण्यातले प्रमाण) हा चार तासांच्या संपर्काचा असावा. तो एका तासाचा असेल तर वायू आणि बाष्पासाठी त्याला दोनने, आणि धूळ व तुषारांसाठी चारने भागावे लागते. वायूचा तक्ता पीपीएममध्ये असतो आणि बाष्पाचा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. या दोहोंची सरमिसळ झाली की संपूर्ण श्रेणी बदलते.

सर्वांत मोठी खोडी मात्र शब्दांची आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही. म्हणून प्रत्येक वर्गापुढे तीनपैकी एकच निष्कर्ष लिहावा : वर्गीकृत, पुरेशी माहिती तपासली आणि निकष लागू होत नाही, किंवा माहितीअभावी ठरवता आले नाही. तिसरा निष्कर्ष लिहिण्यात कमीपणा काही नाही. तो कोरा सोडला, तर पुढच्या माणसाला तो दुसरा निष्कर्ष वाटतो, आणि तिथून गफलत सुरू होते.

तिसरा टप्पा : भौतिक धोके

आपण आता टोल्युइन हे सॉल्व्हंट घेऊन चालू, कारण रंग, औषधे आणि कीटकनाशके बनवणाऱ्या युनिटांत ते सर्रास सापडते. त्याचा कॅस क्रमांक १०८-८८-३, उत्कलनबिंदू सुमारे १११ अंश सेल्सिअस आणि बंद कपातला फ्लॅश पॉइंट ४ अंश आहे. ज्वलनशील द्रवांचा निकष असा : फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि उकळण्याची सुरुवात ३५ अंशांपर्यंत असेल तर श्रेणी १, फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली पण उकळण्याची सुरुवात ३५ च्या वर असेल तर श्रेणी २, फ्लॅश पॉइंट २३ ते ६० असेल तर श्रेणी ३, आणि ६० च्या वर ते ९३ पर्यंत असेल तर श्रेणी ४. टोल्युइन श्रेणी २ मध्ये बसते आणि त्याचे धोकाविधान (लेबलवर लिहायचे ठरावीक वाक्य, ज्याला ‘एच’ने सुरू होणारा क्रमांक असतो) एच२२५ आहे. त्याचे बाष्प हवेपेक्षा तीनपटींहून जड असते, त्यामुळे ते वर न जाता जमिनीलगत, गटारीतून आणि पाइपांच्या चरांतून सरकते. ही गोष्ट श्रेणीच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून ती शेऱ्यात लिहावी.

श्रेणी ३ बद्दल कोकणातल्या माणसाने वेगळा विचार करावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मिश्र झायलीनचा फ्लॅश पॉइंट साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास असतो, म्हणून ते श्रेणी ३ मध्ये येते आणि ‘टोल्युइनपेक्षा बरे’ समजले जाते. थंड देशात हे काही अंशी खरे आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र जानेवारीतही दुपारचे तापमान तीसच्या घरात असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखालचा ड्रम त्याहून बराच तापतो. म्हणजे झायलीन इथे वर्षातला बहुतेक काळ आपल्या फ्लॅश पॉइंटच्या आसपास किंवा वरच असते आणि ड्रमच्या तोंडाशी पेटू शकणारे बाष्प तयार असते. श्रेणी बदलायची नाही, ती ३ च राहील. पण तिच्यासमोर ‘साठवणुकीच्या तापमानाला बाष्प पेटू शकते’ अशी नोंद असावी.

श्रेणी ४ बद्दलही सावध राहावे. जीएचएसमधल्या काही श्रेणी स्वीकारायच्या की नाहीत, हे प्रत्येक देशावर सोडलेले आहे आणि युरोपने ज्वलनशील द्रवांची श्रेणी ४ स्वीकारलेली नाही. ॲनिलिनचा फ्लॅश पॉइंट ७० अंश आहे, तरी युरोपीय पत्रकाच्या विभाग २ मध्ये ते ज्वलनशील म्हणून दिसत नाही. जो नुसती नक्कल करतो त्याच्या तक्त्यातून हा धोका गळून जातो.

आता पाण्याबद्दल, कारण कोकणात हा भाग सविस्तर पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जीएचएसमधला ‘पाण्याशी संपर्क आल्यावर धोका’ हा वर्ग फक्त ज्वलनशील वायू सोडणाऱ्या पदार्थांसाठी आहे. सोडियम धातू, सोडियम हायड्राइड, सोडियम बोरोहायड्राइड हे त्यात येतात. दर मिनिटाला किलोमागे १० लिटर किंवा अधिक वायू निघाला तर श्रेणी १, दर तासाला २० लिटर किंवा अधिक असेल तर श्रेणी २, आणि दर तासाला १ लिटरहून अधिक असेल तर श्रेणी ३. पण थायोनिल क्लोराइड घ्या. पाणी लागताच ते जोरात फसफसते आणि हायड्रोजन क्लोराइड व सल्फर डायऑक्साइड सोडते. हे दोन्ही वायू विषारी असले तरी ज्वलनशील नाहीत, त्यामुळे या वर्गात ते बसत नाही. युरोपने अशा पदार्थांसाठी स्वतःची पूरक विधाने ठेवली आहेत. मूळ जीएचएसमध्ये त्यासाठी स्वतंत्र वर्ग नाही. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आणि निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड यांनाही हीच अडचण लागू होते. म्हणून आपल्या तक्त्यात ‘इतर धोके’ असा रकाना ठेवून ‘पाण्याशी तीव्र अभिक्रिया, विषारी वायू’ असे ठळक लिहावे आणि ते लेबलवरही आणावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड कसे बुडाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जिथे पाणी शिरू शकते तिथे कोणता ड्रम किती उंचीवर ठेवायचा, हे याच रकान्यावरून ठरते. आणि पूर नसला तरी बूच सैल राहिलेला ड्रम श्रावणातल्या हवेतही आतल्या आत धूर धरतो.

ऑक्सिडायझर, सेंद्रिय पेरॉक्साइड, आपोआप तापणारे पदार्थ आणि धातूंना गंजवणारे पदार्थ हे वर्ग प्रत्येकी एकदा तपासून निष्कर्ष लिहावा. टोल्युइनला ते लागू होत नाहीत. हायड्रोजनेशन करणाऱ्या युनिटांनी मात्र रेनी निकेल आणि वापरलेला पॅलेडियम-कार्बन या उत्प्रेरकांकडे नीट पाहावे, कारण हे ओले असेपर्यंत शांत असतात आणि सुकले की हवेत आपोआप पेटू शकतात.

चौथा टप्पा : आरोग्याचे धोके

तीव्र विषारीपणा, म्हणजे एकदाच किंवा थोड्या वेळाच्या संपर्काने होणारी विषबाधा, तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे असा तीनदा, स्वतंत्रपणे तपासायचा. तोंडावाटे एलडी५० (प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा) चा निकष मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये असा आहे : ५ पर्यंत श्रेणी १, ५० पर्यंत श्रेणी २, ३०० पर्यंत श्रेणी ३, २००० पर्यंत श्रेणी ४ आणि ५००० पर्यंत श्रेणी ५. त्वचेसाठी पहिल्या चार मर्यादा ५०, २००, १००० आणि २००० आहेत. बाष्पासाठी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ०.५, २, १० आणि २०. टोल्युइनचा उंदरांमधला तोंडावाटे एलडी५० पाच हजारांच्या वर आहे आणि बाष्पाचा एलसी५० वीसच्या वर आहे, म्हणून तिन्ही मार्गांनी ते तीव्र विषारी ठरत नाही.

बरेच जण इथेच थांबतात आणि ‘टोल्युइन विषारी नाही’ असे लिहून मोकळे होतात. पण टोल्युइनचे खरे आरोग्यधोके यापुढेच आहेत. ते त्वचेची आग करते, एच३१५. त्याच्या बाष्पाने गुंगी आणि चक्कर येते, एच३३६. वारंवार किंवा दीर्घकाळ संपर्काने अवयवांना इजा होऊ शकते, एच३७३. पोटातल्या बाळाला अपाय होण्याचा संशय आहे, म्हणून प्रजननविषयक श्रेणी २, एच३६१डी. कर्करोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला गट ३ मध्ये ठेवले आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवते की नाही हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. टोल्युइनबरोबर बेंझिनची भेसळ किती, हे मात्र पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, कारण बेंझिन हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून श्रेणी १ए मध्ये आहे आणि ०.१ टक्क्यालाच ते सगळ्या मालाला त्या श्रेणीत ओढते.

एच३०४ कडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. गिळल्यावर किंवा ओकारीच्या वेळी द्रव श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो, हा तो धोका. निकष असा आहे की हायड्रोकार्बनची ४० अंशांवरची गतिज स्निग्धता (द्रव किती घट्ट वाहतो त्याचे माप) २०.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद किंवा त्याहून कमी असावी. टोल्युइनची ती एकपेक्षाही कमी आहे. हा धोका कागदावरचा नाही. ड्रमचा पंप बिघडला की हेल्पर पारदर्शक नळीचे एक टोक ड्रममध्ये सोडतो, दुसरे तोंडात धरून ओढतो आणि द्रव ओठांपाशी आला की पटकन नळी बादलीत वळवतो. मच्छीमार बोटींवर डिझेल काढतानाही हेच होते. त्या अर्ध्या घोटाचा ठसका लागला तर पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त इजा होते. अशा वेळी ओकारी करायला लावायची नसते, हे सूचनापत्रात एच३०४ च्या शेजारीच लिहावे आणि माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्राण्यांवरच्या प्रयोगाचा आकडा शेवटचा शब्द नसतो, हे मिथेनॉलवरून पक्के ध्यानात येते. उंदरांमधला त्याचा एलडी५० पाच हजारांहून जास्त आहे. नुसत्या तक्त्याने पाहिले तर ते जवळजवळ निरुपद्रवी ठरेल. पण माणसाच्या शरीरात मिथेनॉलपासून फॉर्मिक ॲसिड तयार होऊन साचते, आणि त्यामुळे अंधत्व किंवा मृत्यू येतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. माणसांवरचा असा विश्वसनीय पुरावा उंदरांच्या आकड्याहून वरचढ धरायचा असतो. म्हणून मिथेनॉल तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे श्रेणी ३ मध्ये आहे, आणि एका संपर्काने अवयवांना इजा करणारे म्हणून श्रेणी १ मध्ये आहे, एच३७०.

त्वचा आणि डोळे यांसाठी माहिती नसेल तर पीएच पाहता येतो. तो २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल तर द्रव त्वचा जाळणारा आहे असे धरून चालावे; मात्र पीएच मधल्या पट्ट्यात आहे म्हणून द्रव निर्धोक ठरत नाही.

पाचवा टप्पा : पाण्यातल्या जिवांचे धोके

लोट्याचे पाणी अखेर दाभोळच्या खाडीकडे जाते, महाडचे सावित्रीकडे, रोह्याचे कुंडलिकेकडे. खाडीवर पोट असलेल्यांची प्रदूषणाबद्दलची गाऱ्हाणी जुनी आहेत, आणि तरीही अनेक युनिटांच्या तक्त्यात हा रकाना रिकामा असतो. तीव्र जलविषारीपणाचा निकष सोपा आहे : मासे, डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) किंवा शैवाल यांपैकी सर्वांत संवेदनशील जिवाचा एलसी५० किंवा ईसी५० (निम्म्या जिवांवर परिणाम करणारे प्रमाण) लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर श्रेणी १, १० पर्यंत श्रेणी २, १०० पर्यंत श्रेणी ३. टोल्युइनचे आकडे लिटरला तीन ते सहा मिलिग्रॅमच्या आसपास आहेत, म्हणून ते श्रेणी २ मध्ये येते. युरोपने तीव्र धोक्याची फक्त श्रेणी १ स्वीकारली असल्याने युरोपीय पत्रकात ही नोंद दिसणार नाही. आपण ती करावी. दीर्घकालीन श्रेणी ठरवताना पदार्थ लवकर विघटित होतो का आणि शरीरात साठतो का, हेही पाहावे लागते.

रत्नागिरी आणि आसपासच्या बंदरांवरच्या बर्फाच्या कारखान्यांनी आणि मासळी प्रक्रिया केंद्रांनी अमोनियाच्या बाबतीत हा टप्पा वगळू नये. निर्जल अमोनिया श्वासावाटे विषारी आहे, त्वचा जाळतो, दाबाखाली द्रवरूपात असतो आणि विशिष्ट प्रमाणात हवेत पेटूही शकतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो जलचरांसाठी तीव्र श्रेणी १ मध्येही आहे, एच४००. गळती झाली की पाण्याचा फवारा मारून वायू दाबला जातो, आणि ते योग्यच आहे. पण ते अमोनियामिश्रित पाणी जेटीच्या गटारातून सरळ खाडीत गेले तर तिथले मासे मरतात. ते पाणी कुठे अडवायचे, हे एच४०० च्या नोंदीतून सुचायला हवे.

सहावा टप्पा : मिश्रणे

समजा, गाळून घेतलेल्या सॉल्व्हंटचा ड्रम आहे : ६० टक्के टोल्युइन, ४० टक्के मिथेनॉल. ही दोन ॲझिओट्रोप (ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारे मिश्रण) बनवत असल्याने साध्या डिस्टिलेशनने पूर्ण वेगळी होत नाहीत, त्यामुळे असे ड्रम खरोखरच साठतात आणि त्यांवर खडूने ‘मिक्स सॉल्व्हंट’ एवढेच लिहिलेले असते.

मिश्रणाच्या तीव्र विषारीपणाचे सूत्र असे आहे : प्रत्येक विषारी घटकाच्या टक्केवारीला त्याच्या एटीईने (तीव्र विषारीपणाच्या अंदाजी मात्रेने) भागा, सर्वांची बेरीज करा आणि १०० ला त्या बेरजेने भागा. श्रेणी ३ साठी तोंडावाटे धरायचा एटीई १०० आहे. मिथेनॉलचे ४० भागिले १०० म्हणजे ०.४, आणि १०० भागिले ०.४ म्हणजे २५०. हा आकडा ३०० च्या आत आहे, म्हणून मिश्रणही तोंडावाटे श्रेणी ३ मध्येच राहते. त्वचेसाठी एटीई ३०० धरला तर उत्तर ७५० येते, बाष्पासाठी ३ धरला तर ७.५ येते, दोन्ही श्रेणी ३. टोल्युइन या बेरजेत येत नाही, कारण ते तीव्र विषारी नाही. मिथेनॉल साधारण एक तृतीयांशाहून कमी असते तर तोंडावाटे श्रेणी ४ झाली असती. म्हणजे प्रत्येक बॅचला प्रमाण बदलत असेल, तर सर्वांत जास्त मिथेनॉल असलेल्या बॅचवरून वर्गीकरण करावे.

बाकीच्या आरोग्यधोक्यांना असे सूत्र नसते, टक्क्यांच्या मर्यादा असतात. मिथेनॉल १० टक्क्यांहून जास्त, म्हणून एच३७०. टोल्युइन प्रजननासाठीच्या ३ टक्क्यांच्या, तसेच त्वचेची आग, दीर्घकालीन इजा आणि श्वासनलिकेचा धोका यांच्यासाठीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेहून कितीतरी जास्त, आणि गुंगीसाठीच्या २० टक्क्यांच्याही वर, म्हणून त्याचे सगळे धोके मिश्रणात तसेच येतात. फ्लॅश पॉइंटची सरासरी काढू नये. तो मोजून घ्यावा, आणि मोजता येत नसेल तर दोन्ही घटक श्रेणी २ चे असल्याने मिश्रणही श्रेणी २ चे धरावे. अशा रीतीने खडूच्या दोन शब्दांखाली दहा धोकाविधाने निघतात : एच२२५, एच३०१, एच३११, एच३३१, एच३०४, एच३१५, एच३३६, एच३६१डी, एच३७० आणि एच३७३. पाण्यातल्या धोक्याची बेरीज याशिवाय करावी लागते.

सातवा टप्पा : लेबल

या ड्रमवर तीन पिक्टोग्राम (धोक्याची चित्रचिन्हे) येतात : ज्वाला, कवटी आणि छातीवर तारा असलेली मानवी आकृती. कवटी आली की उद्गारचिन्ह गाळायचे असते. ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ हे दोन्ही लागू होत असतील तर फक्त ‘डेंजर’ लिहावे. धोकाविधाने मात्र सर्व लिहावीत. जागा कमी आहे म्हणून एच३६१डी वगळणे हा गर्भवती कामगार स्त्रीवर केलेला अन्याय आहे.

लेबल मराठी आणि हिंदी दोन्हींत असावे, कारण ड्रम हलवणारे कंत्राटी कामगार अनेकदा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले असतात. साध्या कागदावर इंकजेटने छापलेले लेबल पहिल्याच पावसात ओघळते आणि खाऱ्या हवेत गंजू लागलेल्या पत्र्यावरून पापुद्र्यासह निघते. म्हणून प्लास्टिकचे स्टिकर आणि टिकणारी शाई वापरावी, आणि ड्रमची जागा आधी तारेच्या ब्रशने घासून कोरडी करावी.

आठवा टप्पा : कायद्याशी जुळवणे

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ आला आणि त्याखाली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे १९८९ चे नियम आले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत विषारीपणाचे आणि ज्वलनशीलतेचे निकष व रसायनांची यादी आहे, नियम १७ मध्ये पत्रक व लेबलची जबाबदारी आहे आणि नवव्या अनुसूचीत पत्रकाचा नमुना आहे. या निकषांचे आकडे जीएचएसशी प्रत्येक ठिकाणी जुळत नाहीत, म्हणून तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि एकावरून दुसरा भरू नये. टोल्युइनसारखा हायड्रोकार्बन २३ अंशांखालच्या फ्लॅश पॉइंटमुळे पेट्रोलियम नियम २००२ खाली वर्ग ‘अ’ मध्ये येतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या साठ्याला पेसोचा (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचा) परवाना लागतो. वापरून झालेले सॉल्व्हंट बाहेर पाठवायचे असेल तर घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. वाहतुकीसाठी यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक) लागतो : टोल्युइन १२९४, मिथेनॉल १२३०, आणि वरच्या मिश्रणासाठी ज्वलनशील व विषारी द्रवाची सर्वसाधारण नोंद १९९२. वाहतुकीच्या वर्गीकरणात दीर्घकालीन आरोग्यधोके धरले जात नाहीत, म्हणून टँकरच्या फलकावरून स्टोअरचे लेबल बनवू नये.

नववा टप्पा : नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक रसायनासाठी एक पान पुरते. त्यावर वर्ग, वापरलेला आकडा, तो कुठून व कोणत्या पद्धतीने मिळाला, निकषाची मर्यादा, निष्कर्ष, ठरवणाऱ्याची सही आणि तारीख असावी. जिथे दोन स्रोतांत फरक होता तिथे कोणता का घेतला, हे दोन वाक्यांत लिहावे. पुरवठादार बदलला, शुद्धता बदलली, नवे पत्रक आले, प्रक्रियेत दुसरे सॉल्व्हंट आले किंवा कोणाला त्या मालाचा त्रास झाला, तर ते पान पुन्हा उघडावे. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात स्टोअरची मांडणी करताना ‘इतर धोके’ हा रकाना सर्व पानांवर एकदा वाचून घ्यावा, आणि पाण्याशी अभिक्रिया करणारे ड्रम त्याच आठवड्यात वरच्या फळीवर हलवावेत.